शेळीची शिकवणी

पूर्वी वेत्रवती नगरात चंडसेन राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व एका गरीब शिक्षकाच्या रूपाने जन्मला होता. राजाला एकच मुलगा, चार वर्षांचा. राणी बाळंतपणातच गेली, म्हणून पोर शेळीच्या दुधावर वाढलं होतं. ते चिमण्यांचे पाय मोडायचं आणि शांतपणे बघत बसायचं.

राजाने पंडितांना विचारलं, "याचं शिक्षण कधी सुरू करायचं?"

एक म्हणाला, पाचव्या वर्षी. दुसरा म्हणाला, पोटात असतानाच, पण ती वेळ टळली. तिसरा म्हणाला, दुधातून. राजाला हे पटलं. त्याने बोधिसत्त्वाला शेळीला शिकवायला नेमलं.

बोधिसत्त्वाने हो म्हटलं, कारण पोर गोठ्यात रोज दूध प्यायला यायचं. कदाचित त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील, असं त्याला वाटलं. तोवर तो शेळीला दया, दान, क्षमा समजावून सांगायचा. दयेचं ताडपत्र तिने खाल्लं.

"गुरुजी, आज रवंथ लई झाला," शेळी सांभाळणारी चुंदी म्हणायची. "पाठांतर चाललंय तिचं."

"आणि ह्या लेंड्या?"

"त्या तुम्हीच तपासा. मी अडाणी बाई."

एका संध्याकाळी राजा आला. पोरात फरक नाही, म्हणजे दूध पातळ, असं त्याने ठरवलं आणि चुंदीला फटके मारायला घेतले. पोर बाजूच्या ओट्यावर बसलं होतं. चाबूक उठला की त्याचा रिकामा हातही उठायचा.

बोधिसत्त्वाला ते दिसलं. आता बोललो तर इथे आपल्याला जागा नाही, हे त्याला कळत होतं. पण गप्प बसलो तर पोर हातचं गेलं.

"महाराज, शेळीची शिकवणी बंद करा," तो म्हणाला. "पोराची कधीच सुरू झालीय. त्याचे गुरुजी तुम्ही आहात."

राजाने चाबूक पोराच्या हातात दिला. "मग बघू तरी, काय शिकलाय."

पोराने बोधिसत्त्वाला मारलं. नेम चांगला होता. बोधिसत्त्व खाली बसला आणि त्याने विचारलं, "हात दुखला का रे, बाळा?"

पोर गोंधळलं. असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "हो," ते म्हणालं.

त्याच रात्री बोधिसत्त्वाला हद्दपार केलं.

पुढे ते पोर राजा झालं. बापापेक्षा क्रूर निघालं. पण कुणाला फटके देऊन झाले, की तो मारणाऱ्याला जवळ बोलावून मायेने विचारायचा, "हात दुखला का रे?"

ही गोष्ट तथागतांनी एका गृहस्थाला सांगितली. मुलगा जाणता झाला की विहारात शिकायला आणू का, असं त्याने विचारलं होतं.

तथागत म्हणाले, "तेव्हाचा राजा तू. राजपुत्र हा, तुझ्या मांडीवरचा. चुंदी म्हणजे दाराशी तुझ्या वहाणा धरून उभी असलेली दासी. शिक्षक मी. शेळी त्याच जन्मात मुक्त झाली. शिकवणीचा उपयोग तिलाच झाला."

गृहस्थाने मान खाली घातली. मांडीवरचं पोर दासीकडे बघत होतं, आणि दासी जमिनीकडे.

मार खाऊनही मारणाऱ्याची काळजी करणं, ही क्षांती पारमिता, म्हणजे क्षमेची पूर्णता.