राजमातेने खोटं ठरवलेलं भाकीत

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला, मुलांनो, आणि मुलांच्या आजीआजोबांनो! उंच डोंगरांमध्ये एक राज्य होतं. तिथल्या राजमाता पद्मावती साठी ओलांडूनही घोड्यावर बसत. दर वसंतोत्सवात गडाच्या पायऱ्या चढून निशाण फडकवण्याचा मान त्यांचाच असे.

त्या राज्यात म्हाताऱ्या बायकांची हाडं फार मोडत. घागर उचलताना मनगट जाई, अंगणात पाय घसरला की खुबा मोडे, आणि हिंडतीफिरती बाई कायमची अंथरुणाला खिळे. "वय झालं, चालायचंच," म्हणून लोक गप्प बसत.

तुळजाक्का वैद्यीण मात्र गप्प बसली नाही. गावोगावी मोडलेली हाडं बांधताना ती प्रत्येकीला आधीची हकिकत विचारी. विचारता विचारता तिच्या ध्यानात आलं, की हाड मोडतं एका क्षणात, पण ठिसूळ होतं हळूहळू, आणि त्याच्या खुणा आधीच दिसतात! ज्या दुखण्याच्या खुणा आधी ओळखता येतात, त्याला अडवताही येईल! ती धावतच राजवाड्यात आली.

"आईसाहेब, हल्ली लुगडं पायात येतं का?"

"येतं तर! विणकरांनी पन्हा वाढवलाय मेल्यांनी."

"पन्हा तेवढाच आहे. तुमची उंची कमी झाली आहे. मागे साध्या ठेचेने पडलात आणि मनगट मोडलं. तुमच्या आईंचाही खुबा मोडला होता. आईसाहेब, अशाच राहिलात तर पुढच्या उत्सवापर्यंत तुमचं एखादं हाड मोडण्याचा मोठा धोका आहे."

भर दरबारात हे ऐकून राजमाता संतापल्या. "अभद्र बोलतेस? ठीक आहे! पुढच्या उत्सवापर्यंत माझं हाड मोडलं नाही, तर तू हे राज्य सोडून जायचंस."

"कबूल!" तुळजाक्का हसत म्हणाली. "मी हरावं हीच माझी इच्छा. पण मला हरवायचं, तर मेहनत करावी लागेल."

"कसली मेहनत? सांग, आत्ता सांग!"

तुळजाक्काने सांगितलं, आणि राजमाता इरेला पेटल्या. ताटात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध आणि पालेभाजी आली. पालखी बंद झाली. सकाळच्या उन्हात त्या पायी हिंडू लागल्या. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करू लागल्या. आधी दासी तोंडाला पदर लावून हसत, मग त्याही शेजारी एका पायावर उभ्या राहू लागल्या! हातात काठी घ्यायला तेवढ्या राजमाता कुरकुरल्या, पण घेतली.

वसंतोत्सव उजाडला. ढोल घुमले. राजमाता गडावर चढल्या, निशाण फडकलं, जयजयकार झाला! उतरताना मात्र फुलांनी निसरड्या झालेल्या पायरीवर त्यांचा पाय सटकला. काठीने तोल थोडा सावरला, तरी त्या कुशीवर आपटल्याच. तुळजाक्का गर्दी सारत धावली.

"हलू नका, आईसाहेब! मला आधी बघू द्या."

तिने मनगट चाचपलं, खुबा चाचपला, पाय अलगद वाकवून पाहिला. सगळं शाबूत होतं! राजमाता तिचा हात धरून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "तुझं भाकीत खोटं ठरलं, तुळजाक्का! मी जिंकले!"

"जिंकलात, आईसाहेब, जिंकलात!" तुळजाक्का हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. "आता निघते मी. सांभाळून राहा."

हरलेल्या बाईला एवढा आनंद? राजमाता तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना उमगलं. त्यांनी तिला घट्ट मिठी मारली.

"कुठे निघालीस? तू मला घाबरवायला नव्हे, वाचवायला आली होतीस, आणि मी तुलाच शत्रू समजले. चल, आपण दोघी गावोगाव जाऊ. माझ्या राज्यातल्या एकेका म्हातारीला तुला असंच हरवू दे!"

दुसऱ्याच दिवशी दोघी निघाल्या. पुढे त्या राज्यात हाडं मोडणं पुरतं थांबलं नाही, पण पुष्कळच कमी झालं, आणि पांढऱ्या केसांच्या बायका यात्रेत ताठ मानेने चालू लागल्या.

तात्पर्य: धोक्याची आगाऊ सूचना म्हणजे शाप नव्हे, ती वेळीच मनावर घेऊन खोटी ठरवावी, यातच शहाणपण आहे.