हिरवळीतली वाकडी वाट

ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आत्याने सांगितली तेव्हा मी लहान होतो. तिच्या गोष्टीत राजा होता की राणी, यावर अजूनही माझे मन डळमळते. आपण राणीच धरू. बाकीचे सारे तिने सांगितले तसेच आहे. निदान मला तसे वाटते.

फार फार वर्षांपूर्वी एका राणीने नवी पेठ वसवली. घरे ऐसपैस, मधोमध मोठी बाग, बागेत तळे, आणि प्रत्येक दारातून तळ्याकडे जाणारी, झाडांच्या सावलीतली फरसबंद वाट. ही सारी आखणी राणीने स्वतः केली होती. नियम एकच होता. वाट सोडून हिरवळीवर जो पाय ठेवेल, त्याचे घर परत घेतले जाईल.

त्याच राज्यात एक म्हातारा आणि म्हातारी राहत. म्हातारीला दम लागे. वैद्य म्हणाला, "औषधं पुरे झाली. आता रोज झाडांखालून चाला." म्हाताऱ्याने गावातले राहते घर विकले आणि नव्या पेठेत घर घेतले.

"अहो, एवढं मोठं घर, आणि आपण दोघंच?" म्हातारी दारात थबकून म्हणाली.

"दोघं कुठे? तुझा दम आहे ना तिसरा. तो तेवढा इथे कुठेतरी हरवला म्हणजे झालं."

म्हातारी हसली, आणि हसता हसता खोकली.

त्या राज्यात एक रीत होती. नव्या घराची पहिली चूल चकमकीने पेटवायची नाही. घरच्या बाईने शेजारच्या चुलीतला विस्तव मागून आणायचा आणि त्यावर दूध उतू घालायचे. तोवर त्या घरात कोणी पाण्याचा घोटही घेत नसे.

म्हातारी खापर घेऊन निघाली. शेजारीण समोरच दिसत होती, हिरवळीच्या पलीकडे, ओसरीवर तांदूळ निवडत. पण तिच्या घराकडे थेट जाणारी वाटच नव्हती. आधी तळ्यापर्यंत जायचे, मग तिच्या वाटेने वर यायचे. म्हातारी तशी गेली. शेजारणीने निखारा दिला. परतताना तळ्यावरचा वारा लागला आणि निखाऱ्याची राख झाली. ती पुन्हा गेली. पुन्हा राखच हाती आली.

म्हातारी पायरीवर धापा टाकत बसली. म्हाताऱ्याला ते बघवेना. "राहू दे गं. मी चकमक काढतो. कोणाला कळणार आहे?"

"चुलीला कळेल," म्हातारी म्हणाली, आणि उठली.

या खेपेला शेजारणीचे डोळे भरून आले. "आजी, माझी चूल मी चकमकीनंच पेटवली. विस्तव मागायला जाऊ कुठं? इथं आल्यापासून माझ्या दारात आलेल्या पहिल्या तुम्हीच."

म्हातारीने खापरातल्या निखाऱ्याकडे पाहिले. मग हिरवळीकडे. पलीकडे म्हातारा उभा होता. गावातले घर आता परक्याचे झाले होते. हे घरही गेले तर त्याला जायला जागा नव्हती. तरी तिने वहाणा काढून हातात घेतल्या आणि ती गवतातून चालू लागली. वाटेत दम लागला तेव्हा एका झाडाला टेकली, आणि पुन्हा चालू लागली.

दूध उतू गेले. माळ्याने मात्र सारे पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी राणी दारात आली. "आजी, नियम ठाऊक नव्हता का?"

"होता, राणीसाहेब."

"मग?"

"बाग बघायला तुम्ही वाट दिलीत. माणूस बघायला कुठून जायचं, ते काही सापडलं नाही."

म्हाताऱ्याने किल्ली पुढे केली. "घर घ्या, राणीसाहेब. फक्त हिला थोडा दम खाऊ द्या. मग निघतो आम्ही."

राणीने स्वतःच्या वहाणा काढल्या. दबलेल्या गवतावरून ती चालत गेली, त्या झाडापाशी वळली आणि शेजारणीच्या दारात पोचली. किल्ली म्हाताऱ्याच्याच हातात राहिली.

पुढे त्या पायखुणांवर फरशा बसल्या. झाडापाशी वाट वाकडी होती, ती तशीच ठेवली. मग घराघरांतून बाया शेजारी जाऊ लागल्या. त्या जिथून गेल्या, तिथे मागाहून वाटा झाल्या. म्हातारीचा दम काही पुरता गेला नाही. पण ती रोज चालत राहिली, आणि दम लागला की टेकायला कोणाची तरी ओसरी जवळ असे.

तात्पर्य: घर विकत घेता येते, शेजार मात्र पायी चालत जाऊनच जोडावा लागतो.

हिरवळ ओलांडेपर्यंत निखारा खरेच टिकेल का, ही शंका मला वर्षानुवर्षे छळत होती. म्हातारपणी नव्या वसाहतीत राहायला आलो, तेव्हा खापरात गोवरीचा निखारा घेऊन मी शेजाऱ्यांच्या घरापर्यंत चालून पाहिले. त्यांनी दार उघडले तेव्हा तो लाल होता.