चरकाचा घास

“चरकाशी सावध राहा,” अशी राजेसाहेबांनी दवंडी पिटवली, आणि आठवडा उलटायच्या आतच चरकाने त्यावर राबणाऱ्या गणबाचं बोट नेलं.

राजेसाहेबांच्या गुऱ्हाळात उसाचा तुकडाही वाया घालवायची सोय नव्हती. लांब ऊस चरकाच्या दोन फिरत्या लाकडी लाटांमध्ये आपसूक ओढला जाई. पण मोडके, वीतभर तुकडे बोटांनी आत रेटावे लागत. आणि बोट कुठलं, ऊस कुठला, हे चरकाला कोण सांगणार?

गणबाच्या जागी वेठीला सोपान कुंभाराचं बोलावणं आलं. त्याची बायको ठकू हबकली. चाकावर मडकं घडवायचं तर दहाही बोटं लागतात. त्यातलं एक गेलं की घरची चूल विझलीच! सोपान बिचारा पागोटं गुंडाळून निघालाही होता. त्याला चाकाशी परत बसवून ठकूच राजेसाहेबांसमोर गेली आणि घरधन्याला पाठवणार नाही, असं सांगून मोकळी झाली.

राजेसाहेबांना नकार ऐकायची सवय नव्हती.

“दवंडी ऐकली नाहीस का गं?”

“ऐकली की, सरकार. माझ्या कानांनी ऐकली. बोटांना कान कुठले?”

दरबारात खसखस पिकली आणि राजेसाहेबांचा पारा चढला. तडक तिला गुऱ्हाळावर नेऊन त्यांनी चरकापासून हातभर अंतरावर चुन्याची रेघ मारायला लावली. बोट रेघ ओलांडता कामा नये. बैल थांबता कामा नयेत. समोरच्या मोडक्या उसांच्या ढिगातला एकही तुकडा उरता कामा नये. काठी चालणार नाही, रसात कुसळं पडतात. लोखंड तर नाहीच, लाटा फुटतात. जमलं तर मागशील ते देईन, नाही तर सोपान हंगामभर चरकावर!

ठकूने ढिगाभोवती एक फेरी मारली. सोपानाची मातीने माखलेली बोटं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. मग तिने शेजारच्या मोळीतला एक लांब ऊस ओढला, कोयत्याने त्याच्या टोकाला चीर दिली, चिरेत एक तुकडा घट्ट खोचला आणि रेघेअलीकडे उभी राहून ते टोक पुढे केलं. चरकाने तुकडा धरला, आणि त्याच्या मागोमाग अख्खा ऊसही गिळला. रस घागरीत, बोटं ठकूपाशी!

काठी नको म्हटलं होतं, म्हणून कारभारी कुरकुरला.

“काठी कुठाय, कारभारी? उसानंच उसाला नेऊन पोचवलं.”

ढीग भराभर उतरत गेला. राजेसाहेब मिशी चावत बसले. शेवटी लांब ऊस संपले आणि एकच तुकडा मागे राहिला. राजेसाहेबांनी तो झटकन उचलला.

“आता हा कशात खोचशील?”

बैल फिरतच होते. ठकूने तो तुकडा मागून घेतला, सोलून त्याच्या गंडेऱ्या केल्या आणि ओंजळीत धरून पुढे केल्या.

“तुकडा उरायचा नाही, एवढंच म्हणालात ना? मग हा सरकारांच्या दातांचा. मालकाचं बोट ओळखणारा तेवढाच एक चरक आहे!”

राजेसाहेबांनी एक गंडेरी तोंडात टाकली आणि असे हसले, असे हसले, की रस मिशांवरून ओघळला.

ठकूने लागलीच मागून घेतलं. कुंभाराची वेठ माफ व्हावी, आणि चरकापुढची ही रेघ कधी पुसली जाऊ नये. राजेसाहेबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी हसतहसत मान डोलावली, आणि मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या पदरात टाकलं.