खळीचा टॉवेल आणि जुनं फडकं

वस्तूंना तोंड मिटून राहणं जमत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. मध्ये कुणी बोलायचं नाही.

चर्चच्या अंगणात, तिथली झाडलोट करणाऱ्या सत्यवतीबाईंच्या दोरीवर एक जुनं सुती फडकं वाळत होतं. शेजारी खळ घातलेला, कशिद्याचा नवा टॉवेल पुठ्ठ्यासारखा ताठ लटकला होता. येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीचा पवित्र गुरुवार होता. पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुणार आणि ते पुसायचा मान टॉवेलचा.

"काय रे फडक्या," टॉवेल म्हणाला, "रोज मळतोस, रोज धोपटून घेतोस. संपतं का कधी तुझं काम? आज तरी चर्चबाहेर राहा."

आपला जन्म वाया गेला, असं फडक्यालाही वाटतच होतं.

संध्याकाळी पाळकसाहेब गुडघ्यांवर बसले. पहिले पाय म्हाताऱ्या धोंडीबांचे. खळीमुळे टॉवेल पाणी टिपेना, नुसताच घसरत राहिला.

"साहेब, पुसताय की रंगवताय?" धोंडीबा म्हणाले. मंडळी हसली.

सत्यवतीबाई ताडकन उठल्या. "प्रभूनं कमरेला रुमाल बांधला तो काय मिरवायला?" असं म्हणत त्यांनी दोरीवरचं फडकं आणून दिलं.

फडक्यानं चोवीसच्या चोवीस पाय कोरडे केले. इतक्या वर्षांच्या धुण्यानंच आपण असे मऊ आणि तहानलेले झालो, हे त्याला तेव्हा कळलं.

ओलंचिंब, मातकट होऊन ते बाहेर आलं आणि भर अंगणात ओरडलं, "बाई, धुवा मला लवकर! उद्या पुन्हा सगळ्यांचे पाय मळणार आहेत!"