गालातली बोरं

माणसांना अजून खिसे शिवायचं सुचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माकडांच्या गालांत मात्र पिशव्या होत्याच. चिंगळी माकडीण आपल्या भुऱ्याला रोज बजावायची, "मिळालं की लगेच गिळायचं नाही. अर्धं गालात ठेवायचं. आणि गालातलं सांडता कामा नये."

भुऱ्या अर्धं काय, सगळंच गालात ठेवू लागला. चिंगळी त्याचे फुगलेले गाल साऱ्या टोळीला कौतुकानं दाखवायची.

एका दुपारी भुऱ्या झाडावर राखणीला बसला होता. खाली त्याची धाकटी बहीण खेळत होती. तेवढ्यात गवतातून बिबट्या आला. भुऱ्यानं त्याला पाहिलं, पण हाक दिली नाही. नशीब, चिंगळीची नजर गेली. तिनं झेप टाकून लेकीला उचललं. बिबट्याच्या पंजात पोरीच्या शेपटीचा तुकडा तेवढा राहिला.

चिंगळीनं विचारलं, "तुला दिसला होता ना रे? मग ओरडला का नाहीस?"

भुऱ्यानं आधी गालातलं एकेक बोर काढून मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाला, "तोंड उघडलं असतं तर सांडली असती ना, आई."

पोरानं चिंगळीचा एक शब्दही मोडला नव्हता.