लांब दांड्याची करवत

राजवाड्यामागच्या चिंचेची एक वाळकी फांदी घोड्यांच्या पागेवर झुकली होती. ती तोडायला धाकलू झाडावर चढला. खोडाजवळच्या जाड फांदीवर बसून त्यानं बांबूला बांधलेली करवत खालून वर मागितली, तोच खाली महाराजांशेजारी उभे असलेले पागेचे सरदार रणनवरे कडाडले. त्यांनी आयुष्यात कधी झाडावर पाय ठेवला नव्हता, पण मत ठाम होतं.

"महाराज, हा भित्रा आहे! खरा गडी फांदीच्या टोकाला जाऊन तोडतो. याला टोकाला पाठवा, नाहीतर हाकलून द्या."

वाळकी फांदी माणसाचं वजन पेलणार नाही, हे खाली उभ्या सगळ्यांना दिसत होतं. पण सरदारांपुढे बोलणार कोण?

महाराजांनी वर पाहिलं. "काय रे धाकलू?"

"जातो, सरकार. फक्त सरदारांना एक विचारतो. सरदार, घोड्यावरून लढताना आपल्या हातात काय असतं?"

"भाला! चांगला सात हात लांब." सरदारांनी मिशीला पीळ दिला.

"इतका लांब कशाला? खरा गडी कट्यार घेऊन शत्रूच्या मिठीत शिरेल की!"

महाराज गालात हसले. सरदार चिडले. "मूर्खा, मरायचंय का मला? आणि लांब भाला चालवणं येरागबाळ्याचं काम नाही. आधी घोड्यावर मांड पक्की लागते, मगच हात मोकळे होतात!"

धाकलूनं खोडाला आवळलेला आपल्या कमरेचा दोर ओढून दाखवला.

"माझी मांड ही, सरदार."

"रणनवरे," महाराज म्हणाले, "त्याचा भाला त्याला वर द्या."

सगळ्यांच्या देखत सरदारांनी तो बांबू उचलला आणि टाचा उंचावून वर धरला.