नवव्या महिन्याची गाडी

"हिच्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा, बाई!"

डॉक्टर नचिकेत उकिडवे शोरूममधल्या उंच, काळ्याभोर गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. डोंगरातल्या त्यांच्या दवाखान्याला देणगीतून गाडी मिळणार होती. अडलेल्या बायकांना घाट उतरवून नाशिकच्या मोठ्या इस्पितळात न्यायला.

तुळजीबाई भोये गाडीकडे नुसत्या पाहत राहिल्या. सत्तरीची सुईण. पुण्याहून पदवी घेऊन आलेल्या डॉक्टरांना पोटावर तळवा ठेवून बाळाचं डोकं ओळखायला शिकवलं ते ह्याच बाईंनी. त्यांना आज सोबत आणलं होतं, पण मत विचारायला नव्हे... गाडी दाखवायला.

"डोंगर चढेल, ओढा ओलांडेल," डॉक्टर सांगत होते. "छत उघडतं. दीडशे घोड्यांची ताकद आहे!"

"आणि बाई कुठं?"

"कोण बाई?"

येताना बाजारातून घेतलेली दहा किलो तांदळाची पिशवी तुळजीबाईंनी उचलली, डॉक्टरांच्या पोटाला लावली आणि खांद्यावरच्या फडक्यानं करकचून बांधली.

शोरूममधली माणसं जागच्या जागी थांबली. विक्रेत्यानं तोंडावर हात धरला.

"चढ, डाक्टर."

"बाई, लोक बघताहेत..."

"बघू दे. तिच्याकडंही बघतात. चढ."

डॉक्टरांनी दाराची मूठ धरली, पाय उचलला. गुडघा पिशवीवर अडला. दुसऱ्यांदा त्यांनी सगळा जोर लावला, तर तोल जाऊन कुशीवरच सीटवर आपटले. कानाच्या पाळ्या तापल्या.

"आता कळ आली असं समज," तुळजीबाई म्हणाल्या.

डॉक्टर पिशवी सावरत खाली उतरले.

पलीकडे एक लांबट, बुटकी गाडी उभी होती. तिच्याकडे कुणी फिरकतही नव्हतं. मागचं दार वर उघडायचं आणि सीटा पाडल्या की पाय पसरून निजता येईल एवढी जागा व्हायची.

"ही खडकाला टेकेल, बाई. पाड्यावर जायची नाही."

"पाड्यावर रस्ता आहेच कुठं? डांबरापर्यंत आम्ही झोळीतून आणतोच ना?"

डॉक्टर त्या बुटक्या गाडीच्या काठावर टेकले, मागे सरकले, आडवे झाले. तुळजीबाईंनी दार लावलं आणि विक्रेत्याला सांगितलं, "हिंडवून आण. खड्डे चुकवू नको."

अर्ध्या तासानं दार उघडलं, तरी डॉक्टर लगेच उठले नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही..." ते हळूच म्हणाले. "काहीच लागलं नाही."

तीच गाडी ठरली.

वैशाखात पाड्यावरच्या कमळीचे दिवस भरले. बाळ आडवं होतं. चालक रजेवर, तुळजीबाई दुसऱ्या बाळंतपणात गुंतलेल्या. कमळीला मागे निजवून, तिच्या नवऱ्याला आपल्या शेजारी बसवून डॉक्टरांनी स्वतःच गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न वाजवतच ते दवाखान्याच्या आवारात शिरले.

"मुलगी! दोघी ठणठणीत!"

तिथंच वाट बघत बसलेली पाड्यावरची माणसं धावत आली. कुणी ढोल काढला, कुणी गाडीला कुंकू लावलं, बायकांनी फेर धरला. डॉक्टरांनाही नाचात ओढलं. घामानं निथळत, हसत ते गर्दीतून वाट काढून तुळजीबाईंपाशी आले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. डॉक्टर त्यांच्या पायाशी बसले.

"बाई, निम्मा घाट उतरलो आणि मागून आवाजच येईना. माझ्या काळजाचं पाणी झालं. गाडी थांबवली, मागं वळून बघितलं..."

"मग?"

"कळ ओसरली होती. आणि ती..." त्यांनी गाडीकडे बघितलं. "झोपली होती, बाई! भर घाटात, वळणावर... गाढ झोपली होती!"

तुळजीबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी नुसती आणलीस. आज घेतलीस तू गाडी."